घराण्यांचा रविवार

लायब्ररीतून पुस्तक बाहेर गेलं की ते परत येईल याची गॅरंटी नसते. किस्स्यांचं मात्र उलट आहे. एक किस्सा बाहेर गेला की येताना सोबत दोन घेऊन येतो!

मी अकोल्याला, जठारपेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल होतो. रिटायर झालो तेव्हा कपाटाच्या किल्ल्या परत घेतल्या, रबरी शिक्के परत घेतले, पण किस्से काही कोणी जमा करून घेतले नाहीत. ते माझ्याकडेच राहिले. मित्र जमले की एक निघतो, मग दुसरा निघतो, आणि बहुतेक सगळ्यांच्या मध्यभागी एकच बाई उभी असते. आमच्या ग्रंथपाल, कुंदाताई.

कुंदाताई मूळच्या दर्यापूरकडच्या. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही! 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी स्वतः लावली आणि स्वतःच रोज मोडली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. वाचनालयात गर्दी असायची, पण पेपर वाचला जायचा दोनच ठिकाणी. बाप कापसाचा भाव बघायचा आणि पोरगा नोकरीच्या जाहिराती. पोरं पुण्याला चालली होती, सुरतेला चालली होती. गावात म्हातारी माणसं उरत होती आणि त्यांच्याजवळच्या गोष्टी ऐकायला कोणी नव्हतं. एक दिवस कुंदाताई मला म्हणाल्या, "पुस्तकं आपण जपतोच हो. पण जी अजून लिहिलीच गेली नाहीत, ती रोज मरून राहिली आहेत."

दुसऱ्याच दिवशी बाहेर बोर्ड लागला. 'आपल्या घराण्याचा इतिहास आपणच शोधा. दर रविवारी. शुल्क नाही.'

*

पहिल्या रविवारी तीन माणसं आली.

एकाला वाटलं, इथे जातीचा दाखला काढून मिळतो. दुसरा म्हणाला, "मी फॅनखाली बसाले आलो, तुमचं चालू द्या." तिसऱ्या होत्या सुमनबाई. घरच्या मळ्यातला भाजीपाला आणून जठारपेठेत विकायच्या. त्यांनी पिशवीतून मुलाचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"घरानं चांगलं हाये बाई. पोट्टा सुपारीले बी शिवत नाई. फक्त शेतीत हाये, म्हणून कोनी पोरगी देऊन नाई राहिलं. तुमी पाहा एखादी."

कुंदाताईंनी समजावलं, की हे वधुवर सूचक केंद्र नाही. इथे आपण आपले पूर्वज शोधतो. पणजोबा, खापरपणजोबा.

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "मेलेले मानसं काहून शोधता? ते कुठं पळून चालले? जिवंत पोरगी शोधा ना!"

कुंदाताई हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं?" झालं! सुमनबाई बोलू लागल्या. सासूचं माहेर, तिथली आमराई, सासूला तिथून दिलेली कपिला गाय, त्या गायीचा स्वभाव. बोलता बोलता त्यांना आठवलं की सासू गेल्यापासून त्या गावाला आपण पाऊलच ठेवलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या ते माहेर बघायला म्हणून गेल्या.

आणि तिथून पोरगी बघूनच परत आल्या!

त्या वर्षीच्या अहवालात 'उपक्रमाची फलश्रुती' असा एक रकाना होता. कुंदाताईंनी लिहिलं, 'एक सून.'

*

सुरुवातीला आमच्याकडे जो येई तो सरदारच असे. कोणाचे पूर्वज किल्लेदार, कोणाचे सेनापती. एकाचे पूर्वज म्हणे एका हाताने हत्ती थोपवत.

एका रविवारी असे पाच-सहा सरदार एकाच वेळी जमले. आवाज चढले. कोणाचा पूर्वज कोणाच्या पुढे होता यावर हातघाईची वेळ आली. कुंदाताई उठून उभ्या राहिल्या.

"सगळेच जर घोड्यावर बसले होते, तर घोड्यांना खरारा कोण करत होतं?"

सरदार लोक खाली बघू लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारा उभा राहिला. धोतर नेसलेला, हातात काठी. चेहऱ्यावर असा अभिमान, की काय सांगू!

"आमी जी! आमी करत होतो!"

त्या दिवसापासून आमच्याकडे सरदार कमी झाले आणि माणसं वाढली.

*

नानासाहेब शेतकी खात्यातून रिटायर झालेले. कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी आठ पिढ्यांची वंशावळ काढून आणली होती. अक्षर असं की छापल्यासारखं! ती उलगडायला दोन टेबलं जोडावी लागली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. सुमनबाई एव्हाना दर रविवारी यायच्या, मुलाचं लग्न झालं तरी! त्याही बघत होत्या.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा."

"याच्यात बाई एकबी नाई."

नानासाहेब म्हणाले, "वंशावळीत बायका घालत नाहीत. तशी पद्धत नाही."

सुमनबाईंनी चार्टवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "मंग हे सारे पोट्टे झाडालेच लागले काय जी?"

हॉल हसून हसून आडवा! नानासाहेबांनी चार्टची गुंडाळी केली आणि निघून गेले. मी कुंदाताईंना म्हटलं, "गेला आपला माणूस." त्या म्हणाल्या, "बघू."

बरेच रविवार ते आले नाहीत. मग एक दिवस आले, ते उन्हात करपून. शर्टाची इस्त्री गेलेली. म्हणाले, "एसटीने फिरत होतो. बायका शोधत होतो." आणि स्वतःच ओशाळून हसले. नानासाहेबांना हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

बाकीची नावं शोधायला त्रास झाला नाही. अडकलं ते त्यांच्या सख्ख्या आजीपाशी. घरात तिला सगळे 'बाई' म्हणायचे, गावात 'गणपतची माय'. नाव कोणालाच माहीत नाही! तिच्याच कडेवर नानासाहेब वाढले होते. शेवटी ते अकोटच्या पुढच्या एका खेड्यात, तिच्या माहेरी गेले. तिथे आजीच्या भावाची नात अंगणात ज्वारी पाखडत होती. नानासाहेबांनी आपल्या गावाचं नाव सांगितल्याबरोबर ती म्हणाली, "हो ना! आमच्या घरची चिमणा तिकडं देल्ली होती."

"चिमणा," नानासाहेब आम्हाला म्हणाले. मग परत म्हणाले, "चिमणा." कुंदाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

नवीन वंशावळ त्यांनी उलगडली. बायकांची नावं लाल शाईने. त्यांची माहेरं, लेकी, लेकींची सासरं. कागदाला चारी बाजूंनी कागद जोडलेले. आता दोन टेबलं पुरेनात, म्हणून जमिनीवर अंथरली.

सुमनबाई भोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "आता झाड दिसते साहेब. पयले नुसता बांबू होता!"

*

रहीमचाचा पिंजारी. अकोटला गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. त्यांना आपल्या घराण्याची सगळी नावं पाठ होती. लहानपणी कापूस पिंजता पिंजता बापाने पाठ करून घेतली होती. पिंजणाच्या तारेच्या ठेक्यावर! तोंडाने 'तांय तांय' आवाज काढत ते सुरुवात करायचे. याचा बेटा तो, त्याचा बेटा अमका, अमक्याचा बेटा तमका, ते थेट स्वतःपर्यंत. आमचा हॉल माना डोलवत ऐकायचा.

एकदा कुंदाताई टेप करत होत्या. एक नाव नीट ऐकू आलं नाही. म्हणाल्या, "चाचा, आजोबांचं नाव तेवढं परत सांगा."

रहीमचाचांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली!

"अहो चाचा, फक्त आजोबांचं!"

"बीच में से नहीं आता ताई. गाडी डेपोतूनच सुटते!"

त्यांचा नातू सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला होता. शेजारच्या एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला की चाचा आधी त्याच्याकडून सगळी नावं म्हणवून घ्यायचे, आणि मगच "खाना खाया क्या?" विचारायचे. बूथवाला सांगायचा, "चाचा, बिल तो आपके परदादा खा रहे हैं!" चाचा म्हणायचे, "खाने दो. इतके दिवस उपाशी होते."

पण खरी मजा झाली ती रेशन कार्डाच्या वेळी. तिथल्या बाबूने विचारलं, "वडिलांचं नाव?" चाचांनी डोळे मिटून डेपोतून गाडी सोडली. बाबू लिहायला लागला, खोडायला लागला, मग वैतागून ओरडला, "चाचा, वडिलांचं नाव विचारतोय! वडिलांचं!"

चाचा डोळे न उघडता म्हणाले, "सबर करो साहेब, येऊनच राहिलो. अभी दादा तक पहुंचा!"

*

आता आमच्या अध्यक्षांचा किस्सा. भाऊसाहेब म्हणजे वजनदार माणूस. कापसाचे व्यापारी, गळ्यात सोन्याची चेन, मीटिंगमध्ये त्यांच्या अगोदर कोणी चहाला हात लावायचं नाही. त्यांना आमचा रविवार पसंत नव्हता. म्हणाले, "बाहेर काय परिस्थिती आहे, पाहून राहिले का तुम्ही? लोकायच्या घरात खायचे वांधे, अन् तुम्ही पणजोबा शोधता? पुढच्या मीटिंगला हा विषय घ्या अन् बंद करा."

त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही.

कुंदाताई म्हणाल्या, "बंद करू. फक्त त्याआधी एकदा तुमच्या आईंना घेऊन या."

आई आल्या. नव्वदीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, पण नजर तिखट. भाऊसाहेब शेजारी खुर्ची टाकून बसले. कुंदाताईंनी विचारलं, "आजी, भाऊसाहेब लहानपणी कसे होते?"

आजी म्हणाल्या, "कोन? कोंड्या?"

हॉलमध्ये जी खसखस पिकली! भाऊसाहेबांचा चेहरा लाल. "आई, काहीतरीच काय..."

"काहीतरीच कसं? कोंड्याच होता तू." आजी आमच्याकडे वळल्या. "लेकरं ठरत नव्हते, बाई. याच्या आंधी तीन झाले अन् गेले. मंग हा झाला तं सासू म्हणे, याले इकून टाक. शेजारी सकीनाबी होती. तिनं सूपभर कोंडा देल्ला अन् लेकरू घेतलं. दुपारी मी तिच्या दारी जाऊन दूध पाजाले मांगून आनलं. यम आला असन तं त्याले वाटलं असन, हे तं सकीनाचं लेकरू. गेला वापस! म्हणून याचं नाव कोंड्या."

आता कोणी हसत नव्हतं. भाऊसाहेब स्वतःला घरातला थोरला समजत आले होते. आपल्याआधी तिघं होती, हे त्यांना त्या दिवशी, आमच्या हॉलमध्ये कळलं.

त्यांनी हळूच विचारलं, "आई, नावं होती त्यांची?"

"राधा होती. मंग मुरली. तिसऱ्याचं बारसं व्हायचं राह्यलं."

भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि कुंदाताईंच्या पुढ्यातल्या कागदावर स्वतःच्या हाताने, आपल्या नावाच्या वर, ती दोन नावं लिहिली. तिसऱ्यासाठी जागा सोडली. "अन् सकीनाबी?" त्यांनी विचारलं. आजी म्हणाल्या, "तिले कुठं लिहतं, ते तूच पाह्य." त्यांनी आईच्या शेजारी लिहिलं.

पुढची मीटिंग. सेक्रेटरीने विषय वाचला, 'वंशावळ कार्यक्रम बंद करणेबाबत.' भाऊसाहेब म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

सेक्रेटरी गोंधळला. "पण साहेब, या विषयावर अध्यक्षांचं मत काय लिहू?"

"लिहा, अध्यक्ष आधीच विकले गेलेले आहेत. सूपभर कोंड्यात!"

*

अमरावतीच्या एका वाचनालयाने आमच्या वंशावळींचं प्रदर्शन मांडलं. व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या, चार्ट लावले, कोपरे कणकेच्या खळीने चिकटवले. तिथेच चूक झाली! दुपारी सगळे जेवायला गेले, तेवढ्यात शेजारची बकरी आली आणि एका वकीलसाहेबांची वंशावळ खालून खात सुटली.

वकीलसाहेब धावत आले. "ताई, माझा वंश बकरीने खाल्ला हो!"

कुंदाताईंनी चष्मा लावून चार्ट नीट पाहिला. "घाबरू नका. खालचीच पिढी खाल्ली आहे. म्हणजे तुम्ही, आणि तुमची मुलं. तुम्ही परत लिहू शकता. मेलेले वाचले, हे महत्त्वाचं!"

*

अकोटची एसटी. मी आणि कुंदाताई टेपरेकॉर्डर घेऊन एका खेड्यावर निघालो होतो. कंडक्टर तिकीट फाडायला आला. ताईंनी त्याच्या छातीवरची पट्टी वाचली आणि विचारलं, "तुम्ही मूळ कुठले हो?"

एवढंच विचारलं. शपथ!

त्याने गाव सांगितलं. मागच्या सीटवरचा म्हणाला, "अरे, माही मावशी तिथंच हाये!" पुढची बाई म्हणाली, "कोनती मावशी? देवकाबाई काय?" शेजारी बसून आतापर्यंत खिडकीवरून भांडत असलेल्या दोघी जणी नात्याने नणंद-भावजय निघाल्या. लगेच खिडकीची जागा एकमेकींना देऊ लागल्या. "तुमी बसा जी." "नाई नाई, तुमी बसा."

एवढ्यात ड्रायव्हरने गाडी एका निंबाखाली घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं. आम्हाला वाटलं, बिघडली. तो सीटवर मागे वळून बसला आणि म्हणाला, "ताई, साऱ्यायचं झालं. माहंच काहून नाई इचारून राहिल्या?"

अकोटला पोचलो तेव्हा स्टँडवरचा साहेब घड्याळ दाखवत ओरडला, "कशानं झाला उशीर? पंक्चर होतं का?"

कंडक्टर म्हणाला, "नाई साहेब. नातेवाईक निघाले!"

*

एक मात्र हसवणारा नाही. पण सांगतो.

दर्यापूरकडच्या एका गावी शाळेत बायकांसाठी कार्यक्रम ठेवला होता. सगळ्या जणी आपापल्या आज्यांच्या गोष्टी सांगत होत्या, खिदळत होत्या. दाराजवळ एक बाई पदर घेऊन बसली होती. शांताबाई. सोबत तिची दहावीतली पोरगी, वैशाली. कुंदाताईंनी विचारलं, "तुम्ही नाही सांगत?"

शांताबाई म्हणाली, "आमच्या घराचा काय इतिहास, बाई? पेपरात आल्ता तेवढाच."

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. आम्हाला समजलं. त्या वर्षी त्या भागात अशी बरीच घरं होती. पेपरवाले येऊन गेलेले, पुढारी येऊन गेलेले, कोणी कोणी फोटो काढून गेलेले.

कुंदाताई तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसल्या. "पेपर मी नाही वाचला. तुमचं लग्न कसं जमलं, ते सांगा."

शांताबाईने पदर सारखा केला. मग हळूहळू सांगू लागली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आणायला नवरा सायकल घेऊन आला होता. बैलगाडी मिळाली नव्हती. हिला डबल सीट बसवलं. वाटेत जे जे गाव लागे, तिथे हा पठ्ठा जोरजोरात घंटी वाजवायचा. लोक बाहेर येऊन बघायचे. हिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं. म्हणाली, "मी म्हनलं, काहून वाजोता उगाच? रस्त्यात तं कोनीच नाई! तं म्हनते कसे, 'रस्ता मोकळा कराले नाई वाजोत. बायको दाखवाले वाजोतो!'"

आणि ती हसली. बायका हसल्या. पोरगी तर तोंडावर हात धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी.

"माय, हे मले कधीच नाई सांगतलं तू!"

"तू कधी इचारलं?" मग शांताबाई कुंदाताईंकडे वळली. "जो आला त्यानं इचारलं, बाई, कसा मेला. कसा जगला, हे तुमीच पयल्या इचारून राहिल्या."

वैशालीने त्या दिवशी घराण्याचा तक्ता भरला. नाव, गाव, व्यवसाय असे रकाने होते. बापाच्या नावापुढे व्यवसायात तिने लिहिलं, 'शेती.' मग थोडं थांबली आणि पुढे लिहिलं, 'आणि घंटी वाजवणे.'

कुंदाताईंनी तो तक्ता आहे तसाच लावला.

*

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगतो.

अमरावतीचे दिगंबरराव आमच्याकडे यायचे, घराण्याचा शोध घ्यायला. अकोटचे वसंतराव पण यायचे. एक पहिल्या रविवारी, एक तिसऱ्या. दोघं सत्तरीच्या पुढचे, दोघांची एकमेकांशी ओळख नाही. कुंदाताईंनी दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि मला हाक मारली. दोघांचे पणजोबा एकच!

दिगंबररावांना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठले. "अकोटवाले? त्यांचं नाव काढू नका. तीन पिढ्यांपासून बोलणं नाही. त्यांच्या घरचं पाणी आम्हाला वर्ज्य आहे."

वसंतरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अमरावतीवाले? थ्या लोकायच्या सावलीत बी आमी उभं राहत नाई!"

कुंदाताईंनी काय करावं? दोघांनाही एकाच रविवारी बोलावलं, एकमेकांना न सांगता. समोरासमोर बसवलं. मध्ये मी चहा ठेवला. दोघांनी कपाला हात लावला नाही. दोघांची नाकं मात्र अगदी सारखी! सरळ, आणि टोकाला जरा डावीकडे वळलेली. मी बघतच राहिलो.

शेवटी दिगंबरराव भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमच्या लोकांनी जे केलं, ते आम्ही विसरलेलो नाही."

वसंतराव खिडकीकडे बघत म्हणाले, "अन् तुमच्या लोकायनं जे केलं, ते आमी बी इसरलो नाई."

कुंदाताई म्हणाल्या, "काय केलं होतं?"

दिगंबरराव म्हणाले, "ते यांना विचारा."

वसंतराव म्हणाले, "मले काय इचारता? त्यायले ठाऊक असन."

"मला कुठून ठाऊक असणार? वडील फक्त एवढंच म्हणायचे, त्यांच्याशी बोलायचं नाही."

"माहा बाप बी तेवढंच म्हने!"

दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. वसंतरावांनी बोटाने साय बाजूला केली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "मंग आता?"

दिगंबररावांनी बराच विचार केला. "हे बघा, भांडण आहे. ते तर आहेच. पण त्याचं कारण सापडेपर्यंत बोलायला काय हरकत आहे?"

"काईच नाई!"

तेव्हापासून दोघं दर रविवारी कारण शोधायला येऊ लागले. एकाच टेबलावर बसायचे. वसंतराव घरच्या शेंगा आणायचे, दिगंबरराव गुळाचा खडा. पुढे दिवाळीला येणं-जाणं झालं. दिगंबररावांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा वसंतराव बाहेर बाकड्यावर मुक्काम ठोकून बसले. वसंतरावांची पेरणी उलटली, तेव्हा अमरावतीहून दिगंबररावांनी आपला मुलगा पाठवला, दुबार पेरणीला सोबत म्हणून. कारण काही सापडलं नाही.

मग कुंदाताईंना कळलं की त्या घराण्यातली गंगूआत्या अजून आहे, अकोटजवळ लेकीकडे राहते. आम्ही दोघं गेलो. म्हातारीला दिसत नव्हतं, पण आठवण काय विचारता! कोणाच्या लग्नात कोणी कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, कोणाच्या बैलाचं शिंग मोडलं होतं, सगळं सांगत होती. कुंदाताईंनी भांडणाचं विचारलं, तशी आत्याने चाचपडत ताईंचा हात धरला. मग तिने ताईंना जवळ ओढलं आणि त्यांच्या कानाला तोंड लावून काही बोलत राहिली. बराच वेळ. मी अंगणातल्या कोंबड्या बघत बसलो.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काय होतं हो ताई?"

त्या म्हणाल्या, "पाऊस येईल असं वाटतं."

पुढच्या रविवारी दोघं म्हातारे आले. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. दारातच दिगंबररावांनी विचारलं, "ताई, आत्याकडे जाऊन आलात म्हणे?"

"आले."

दोघं एकदम थांबले. वसंतरावांनी शेंगांची पिशवी दोन्ही हातांनी धरली. "काई... काई सांगतलं काय तिनं?"

कुंदाताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"आत्याला आता काही आठवत नाही हो. शोधत राहावं लागेल. वेळ लागेल."

वसंतरावांनी खुर्ची ओढली, दिगंबररावांना बसवलं आणि टेबलावर शेंगा ओतत म्हणाले, "लागू द्या ना जी! आमाले कुठं घाई हाये?"